नकाशाचं यंत्र आणि मुकी चूक

पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर जिते सोडलं की हमरापूर येतं, मग पेण. हमरापूर म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव. समजा, इथल्या कारखान्यांची यादी कुणी एक्सेलमध्ये केली, मोबाइलवर प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश टिपले आणि नकाशा करायला घेतला. आकडे साधारण 18.8 आणि 73.1. दोन रकान्यांची अदलाबदल झाली, की सगळे कारखाने नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहराच्याही उत्तरेला, भर समुद्रात जाऊन बसतात. आणि संगणक चकार शब्द काढत नाही. त्याच्या लेखी 73 अंश उत्तर हाही चांगला अक्षांशच.

ही यादी नकाशाच्या फाइलीत बदलून देणारं जे यंत्र आहे, त्याचं नाव जीडॅल. फ्रँक वॉर्मरडॅम या कॅनेडियन प्रोग्रामरने ते 1998 मध्ये लिहायला घेतलं. आज एव्हन रुओ हे त्याचे मुख्य सांभाळकर्ते आहेत. फुकट, खुलं, आणि बहुतेकांना नावानेही माहीत नसलेलं. क्यूजीआयएस हा नकाशाचा प्रोग्राम वापरणारा प्रत्येक जण ते वापरतो, गूगल अर्थच्या पोटातही तेच आहे. रेषा-बिंदूंचं काम करणारी त्याची आज्ञा म्हणजे ओजीआर-टू-ओजीआर: एका प्रकारची फाइल द्या, दुसऱ्या प्रकारची घ्या.

बिघाड शोधायला बसलं की एक गोष्ट लवकर कळते. जी चूक ओरडते ती परवडली. शेपफाइल हा नकाशाच्या फाइलीचा एक प्रकार, पण ती एक फाइल नसून तीन-चार फाइलींचं कुटुंब असतं. व्हॉट्सॅपवर कुणी त्यातली फक्त ‘एसएचपी’ पाठवली, तर जीडॅल अडून बसतं आणि ‘एसएचएक्स’ सापडत नाही, हवी तर अमुक पर्याय चालू करा, मी नवी बनवतो, असं सांगतं. उपाय संदेशातच लिहिलेला असतो. तो वाचायचे कष्ट तेवढे आपले. मुक्या चुका मात्र छळतात.

त्यातली आपल्या वाट्याला हटकून येणारी म्हणजे देवनागरीची. शेपफाइलमधली माहिती ‘डीबीएफ’ नावाच्या, 1980 च्या दशकातल्या डीबेस काळातल्या साच्यात राहते. रकान्याच्या नावाला त्यात 10 बाइट मिळतात, मजकुराला फार तर 254. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, काना-मात्रासुद्धा वेगळी मोजून. म्हणजे ‘हमरापूर’ एवढ्या शब्दाचे 21 झाले. ‘कारखान्याचे नाव’ हे शीर्षक तिसऱ्या चिन्हानंतरच गळपटतं. शीर्षकं रोमन आणि आखूड ठेवावीत, नाहीतर सरळ 2014 पासून प्रमाणित असलेल्या जिओपॅकेजमध्ये काम करावं. माझं मत विचाराल तर दुसरा मार्गच बरा. शेपफाइलला आता निवृत्त करायला हरकत नाही.

नावांच्या जागी विचित्र रोमन अक्षरं दिसली तर घाबरू नये. मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. शेजारी त्याच नावाची ‘सीपीजी’ फाइल करून तिच्यात यूटीएफ-8 एवढं लिहिलं की गाव परत गाव होतं. पण अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं आली असतील तर त्या फाइलीतून मराठी गेलं ते गेलंच. मूळ यादीकडे जावं लागतं. म्हणून मूळ यादी कधी पुसू नये.

दुसरी मुकी चूक जागेची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेले, तर मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस-84 वर. दोन्ही न जुळवता एकावर एक ठेवले की कारखाना शेजारच्या खाचरात सरकतो. इथे ओजीआर-टू-ओजीआरच्या दोन पर्यायांची गल्लत नेहमी होते. ‘टी-एसआरएस’ आकडे खरोखर बदलतो. ‘ए-एसआरएस’ फक्त पाटी बदलतो, आकडे तेच. मीटरमधल्या आकड्यांवर अंशांची पाटी लावली तरी यंत्र निमूटपणे लावून देतं. रायगडला मीटरमध्ये मोजायचं तर यूटीएम प्रणालीचा 43 उत्तर पट्टा, क्रमांक 32643. पूर्व विदर्भात 44 लागतो, तेव्हा नागपूरहून आलेली आज्ञा पेणला तशीच चिकटवू नये.

अक्षांश आधी की रेखांश, हा घोळही काही सगळा आपला नाही. अक्षांश-रेखांशांच्या 4326 क्रमांकाच्या प्रणालीच्या व्याख्येत अक्षांश आधी, जिओजेसनमध्ये रेखांश आधी. 2019 च्या मे महिन्यात आलेल्या जीडॅल 3.0 ने व्याख्येप्रमाणे चालायचं ठरवलं, आणि ही लायब्ररी वापरणारे कितीतरी जुने प्रोग्राम एका रात्रीत उलटे आकडे देऊ लागले. निर्णय शास्त्राला धरून होता. निस्तरावं लागलं वापरणाऱ्यांना.

म्हणून जाणते लोक रूपांतराआधी आणि नंतर जीडॅलची ओजीआर-इन्फो ही आज्ञा चालवतात. किती नोंदी, कुठली प्रणाली, चौकटीचे चार आकडे कोणते, एवढं पाहायला मिनिटही लागत नाही. नोंदी 200 गेल्या आणि 197 आल्या, तर आधी त्या तीन शोधायच्या. नकाशाचे रंग नंतर.

विंडोजवर आणखी एक भूत भेटतं. डेटाबेसची पोस्टजीआयएस ही जोड टाकताना संगणकात ‘प्रोज-लिब’ नावाचा व्हेरिएबल बसतो, आणि क्यूजीआयएस स्वतःचा सोडून तिथला जुना प्रणाली-कोश उघडायला जातं. संदेश स्पष्ट असतो: हा कोश दुसऱ्याच स्थापनेतला आहे. तरी लोक क्यूजीआयएस काढतात, पुन्हा टाकतात, पुन्हा काढतात. त्याने काही होत नाही. तो व्हेरिएबल काढला की होतं.