ज्ञानगंगा मोबाइलवर आली, पण घागर भरते का?

एरंडोल : शेतकरी बंधूंनो, ऑगस्टची अखेर डोळ्यांसमोर आणा. कपाशीला पाते-फुले लागली आहेत. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीतरी गुलाबी बोंडअळीचा व्हिडिओ टाकतो. चांगला चाळीस मिनिटांचा. एक साहेब खुर्चीत बसून अळीचे शास्त्रीय नाव सांगतात, तिचा जीवनक्रम सांगतात, मग कागदावरून औषधांची यादी वाचतात. तुम्ही पाच मिनिटे बघता, फोन खिशात जातो आणि पाय कृषी सेवा केंद्राकडे वळतात. "काय मारू?" हा प्रश्न तिथल्या दुकानदाराला. संध्याकाळी पारावर कोणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते, "भो, माले काही समजनं नही."

यात तुमची चूक नाही. साहेबही विद्वानच आहेत. मग पाणी मुरते कुठे? समोर बसलेल्या वर्गाला शिकवणे वेगळे आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसाला शिकवणे वेगळे. वर्गात चेहरे दिसतात. कोणी जांभई दिली, कोणी मान हलवली, की गुरुजी गाडी वळवतात. मोबाइलवर समोर कोणीच नसते. तिथे कसे शिकवायचे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती मुद्दाम शिकावी लागते. आज बोलायचे आहे ते शिकवणाऱ्यांना शिकवण्याबद्दल.

नाशिकने घातलेला पाया

ही विद्या आपल्याला परकी नाही. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. संस्थापक कुलगुरू होते डॉ. राम ताकवले, जे पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे, कुलगुरू झाले. शेतात राबणारा, नोकरी करणारा, चूल सांभाळणारी, अशांना घरबसल्या मराठीतून शिकता यावे हा हेतू. आपल्या खान्देशातही अनेकांनी याच वाटेने पदवी घेतली. तुमच्या गल्लीतही एखादा सापडेल.

त्या विद्यापीठाचे एखादे जुने पुस्तक घरात असेल तर काढून बघा. पहिल्याच पानांवर लेखकाचे नाव, संपादकाचे नाव आणि शेजारी आणखी एक नाव दिसेल, 'अनुदेशन तंत्र संपादक'. नाव जड आहे, काम साधे आहे. लेखकाला विषय ठाऊक असतो, पण एकटा बसून वाचणाऱ्याला तो कसा समजेल हे ठाऊक असेलच असे नाही. ते बघणारा हा माणूस. लेखकाचे प्रकरण तो विद्यार्थ्याच्या नजरेने वाचतो आणि जिथे गाडी अडेल तिथे खूण करतो.

म्हणून त्या पुस्तकाचा प्रत्येक घटक ठरलेल्या चालीने जातो. आधी उद्देश, म्हणजे हे वाचून तुम्हाला काय करता येईल. मग प्रास्ताविक, मग विषय-विवेचन. मध्येच थांबवून स्वयं-अध्ययनाचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे. मग सारांश, अवघड शब्दांचे अर्थ, सरावासाठी स्वाध्याय आणि क्षेत्रीय कार्य. वाचणाऱ्याला एकटे सोडायचे नाही, हे सारे त्यासाठी. जोडीला अभ्यासकेंद्र आणि शंका सोडवणारे समंत्रक.

इग्नूनेही हे ओळखले होते. दूरशिक्षण कसे द्यावे हे शिकवणाऱ्यांनाच शिकवण्यासाठी १९९३ साली तिथे 'स्ट्राइड' ही वेगळी संस्था उभी राहिली.

बोंडअळीचा पाठ पुन्हा लिहून बघू

आता तोच चाळीस मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि या चालीने मांडा. पहिले वाक्य असे असावे : "हा पाठ बघितल्यावर तुमच्या शेतात फवारणीची वेळ आली की नाही, हे तुम्हाला स्वतःला ठरवता येईल." बस. शास्त्रीय नाव नंतर आले तरी चालेल.

मग त्याचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा पाच मिनिटांचा. पहिल्यात डोमकळी कशी ओळखायची ते शेतात उभे राहून दाखवा. पाकळ्या न उमलता चिकटून गुलाबाच्या कळीसारखे दिसणारे फूल, ते तोडून नष्ट करायचे. दुसऱ्यात कामगंध सापळे : पाहणीसाठी एकरी दोन, पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग आले, की धोक्याची घंटा. तिसऱ्यात बोंडे फोडण्याची रीत : एकरातून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडायची, दगडाने चेचायची, आत बघायचे. दोन किंवा जास्त बोंडांत अळी किंवा नुकसान दिसले, तर ते दहा टक्के झाले. मग फवारणी.

प्रत्येक तुकड्यानंतर प्रश्न हवा. "वीस बोंडांत एकाच बोंडात अळी सापडली. फवाराल की थांबाल?" आधी शेतकऱ्याला विचार करू द्या, मग उत्तर सांगा आणि का तेही सांगा. शेवटी काम द्या : उद्या सकाळी वीस बोंडे फोडा, आकडा गटावर टाका. आकडे आले की शिकवणाऱ्याला कळते कोणाला समजले, कोणाला नाही. नुसते "छान माहिती सर" याने काहीच कळत नाही.

आता हिशेब तुम्हीच करा. न समजलेला पाठ म्हणजे एक विनाकारण फवारणी किंवा एक चुकलेली फवारणी. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने राज्यात काय केले, ते कपाशीवाल्याला सांगायला नको.

कागद गेला, पडदा आला

आपले एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते. जुन्या इंग्रजी गॅझेटियरात तशी नोंद आहे. पण कागद कितीही मजबूत असो, त्यावर काय लिहिले यावर त्याचे मोल. मोबाइलच्या पडद्याचेही तसेच.

२०१७ साली केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले. तिथल्या अभ्यासक्रमाला चार पाय लागतात : व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न आणि शंका विचारण्याची जागा. एक पाय तुटला तर खाट डुगडुगते. गावात येणाऱ्या बहुतेक व्हिडिओंना पहिला पायच तेवढा असतो. २०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या, तेव्हा गुरुजींच्या हाती रातोरात मोबाइल आला. त्यांनी जिवाचे रान केले. पण वर्गातले भाषण तसेच कॅमेऱ्यापुढे करण्याखेरीज दुसरे काही शिकवायला त्यांना कोणी वेळच दिला नव्हता.

भारी साधने नसली तरी काम होते, याचेही उदाहरण आहे. राष्ट्रकुल देशांच्या 'कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग' या संस्थेने २००४ साली तामिळनाडूत शेतकऱ्यांसाठी आजीवन शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. थेनी जिल्ह्यात शेळ्या पाळणाऱ्या बायकांना साध्या मोबाइलवर छोटे छोटे आवाजी पाठ मिळत. शेळ्या चारता चारता ऐकायचे. इथे शिकवणाऱ्यांनी आधी शिकणारीचा दिवस बघितला, मग पाठ बेतला. खरी मेख इथेच आहे.

आपण काय करायचे?

आपल्या जिल्ह्यात पाल आणि ममुराबादला कृषी विज्ञान केंद्रे आहेत. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. तालुक्यात महाविद्यालये आहेत, गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. शिकवणारी माणसे आहेत. त्यांना ही विद्या मिळाली पाहिजे.

अधिकारी मंडळींनो, प्रशिक्षण म्हणजे सभागृहात दिवसभर पडद्यावरचे मजकूर वाचून दाखवणे आणि शेवटी प्रमाणपत्र, असे नको. दहा जणांना बसवा. प्रत्येकाने स्वतःच्या विषयाचा पाच मिनिटांचा एकच पाठ तयार करावा. तो पाच शेतकऱ्यांना दाखवावा आणि त्यांच्याकडून ते काम करून घ्यावे. जिथे अडले तिथे पाठ दुरुस्त करावा, शेतकऱ्याला दोष देऊ नये. बोली आपली वापरावी. आणि ज्यांना आपण अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतो, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पंचायतीची एखादी खोली आठवड्यातून एक संध्याकाळ उघडी ठेवावी. नेट धड असावे, चार जणांनी मिळून पाठ बघावा, न समजलेले विचारावे. जुन्या अभ्यासकेंद्राचेच हे धाकटे भावंड.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमचेही काम आहे. पाठ आला की तीन गोष्टी बघा. हे बघून मला काय करता येईल, ते सुरुवातीला सांगितले आहे का? मध्ये मला काही विचारले आहे का? अडलो तर कोणाला विचारू, ते दिले आहे का? तिन्ही नसतील तर गटावर सरळ लिहा, "साहेब, समजले नाही, वीस बोंडे फोडून दाखवा." लाजू नका. न समजल्याचे सांगणारा विद्यार्थी मिळाला, तरच शिकवणारा सुधारतो.

बियाणे कितीही दर्जेदार असो, पेरणाऱ्याला वाफसा कळला नाही तर उगवण होत नाही. ज्ञानाचेही तेच आहे. पेरणाऱ्याला आधी वाफसा ओळखायला शिकवू या.