केशवराव जेधे यांचीं पक्षांतरें

जेधे हें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्धीस आणलेली जेधे शकावली शिवकालाचा कालनिर्णय करण्यास केवढी उपयोगी पडली, तें सर्वश्रुत आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याच आडनांवाचे अर्वाचीन पुढारी कै. केशवराव मारुतराव जेधे (१८९६–१९५९) हे आहेत. त्यांनीं तीन वेळां पक्ष बदलला, म्हणून त्यांस अस्थिर ठरविण्याचा मोह होतो. घटना कालक्रमानें लावल्या असतां निराळा अर्थ निघतो.

त्यांचा आरंभ ब्राह्मणेतर पक्षांतला. १९२५ सालीं महात्मा फुले यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव त्यांनीं पुण्याच्या नगरपालिकेंत मांडला. तो नामंजूर झाला. त्याच वर्षीं टिळक-चिपळूणकरांवर प्रखर टीका करणारें दिनकरराव जवळकर यांचें ‘देशाचे दुश्मन’ हें पुस्तक निघालें. त्याचे प्रकाशक जेधे होते. त्यावरील खटल्यांत शिक्षा झाली. १९२६ सालीं अपिलांत डॉ. आंबेडकरांनीं बाजू मांडली व आरोपी सुटले.

पुढें १९३० च्या कायदेभंगाच्या लाटेंत ते काँग्रेसकडे वळले. सरकारशीं सहकार्य करून मिळणाऱ्या जागांनीं खेड्यांतील कुळाचा भार हलका होत नाहीं, हें या वळणाचें मूळ असावें, असें आम्हांस वाटतें. काकासाहेब गाडगीळ यांच्या जोडीनें त्यांनीं बहुजन शेतकऱ्यांस काँग्रेसमध्यें आणिलें. डिसेंबर १९३६ मध्यें फैजपूर येथें काँग्रेसचें पहिलें ग्रामीण अधिवेशन भरलें, तो याच काळाचा प्रसंग. प्रांतिक काँग्रेसचें अध्यक्षपदही त्यांस लाभलें.

सत्ता जवळ आली तेव्हां शेतकऱ्यांचा वाटा किती, हा वाद पेटला. शंकरराव मोरे यांच्यासह जेधे यांनीं १९४७ सालीं शेतकरी कामगार पक्ष काढला. तो आरंभीं काँग्रेसच्या पोटांतच होता, व १९४८ मध्यें बाहेर पडला. १९५० सालीं दाभाडी येथें त्या पक्षानें मार्क्सवादाचा उघड अंगीकार केला. मवाळ वृत्तीच्या जेधे यांस ती वाट फार काळ मानवली नाहीं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत पक्ष हरला, आणि पुढें ते काँग्रेसमध्यें परतले. या परतण्यांत पराभवाचा भाग मुळींच नव्हता, असें कोणी म्हणूं नये. तथापि तेवढेंच कारण मानणेंही न्याय्य नाहीं. कारण ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं संयुक्त महाराष्ट्र समिति ज्या सभेंत स्थापन झाली, तिचे अध्यक्ष हेच गृहस्थ होते. ती सभा पुण्यांतील टिळक स्मारक मंदिरांत भरली होती! १९५७ सालीं बारामतीहून ते लोकसभेवर गेले.

पक्षांचीं नांवें बदललीं. शेतकऱ्याचा राज्यकारभारांतील वाटा हा हेतु बदलला नाहीं, असा आमचा निष्कर्ष आहे. संग्राहकांनीं येथें एक सावधगिरी बाळगावी. शेतकरी कामगार पक्षाचें नांव असलेलें बिनतारखेचें पत्रक हातीं आलें, तर तेवढ्यावरून तें काँग्रेस सोडल्यानंतरचें ठरवूं नये; १९४७-४८ च्या दरम्यानचा कागद दोन्ही घरांचा असूं शकतो. मोडी रुमालाइतक्याच आस्थेनें अशीं पत्रकें, मेळ्यांच्या पद्यांचीं पुस्तकें व सभांच्या जाहिराती जपल्या पाहिजेत. तीं रद्दींत गेलीं, तर अशा पुरुषाविषयीं विरोधकांचा शेराच तेवढा शिल्लक राहील.