पायरीवरची सही

वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनातलं हे चित्र जेमतेम 25 सेंटिमीटर उंच आहे. मुघल दरबारातल्या बिचित्रने ते 1615 ते 1618च्या सुमारास रंगवलं. वाळूच्या घड्याळाच्या सिंहासनावर बादशहा जहांगीर बसलाय, डोक्यामागे सूर्य-चंद्राचं मिळून भलंमोठं तेजोवलय. समोर एकाखाली एक चौघे. वर सूफी शेख हुसेन, त्याला बादशहा ग्रंथ देतोय. खाली तुर्की सुलतान, मग इंग्लंडचा राजा पहिला जेम्स. आणि अगदी तळाशी, पिवळ्या जाम्यात, स्वतः बिचित्र.

राजांपेक्षा फकीर मोठा, हे लगेच कळतं. नजर अडकते ती घड्याळाशी. काचेवर पंखवाली बाळं लिहिताहेत, बादशहाने हजार वर्षं राज्य करावं. त्याच काचेतली वाळू मात्र जवळजवळ सगळी खाली उतरलीय. दारू आणि अफूने जहांगीरची तब्येत पोखरली होती. हजार वर्षं!

प्रतीकांची भाषा या दरबारात किती लांब जायची, ते अबुल हसनच्या त्याच काळातल्या चित्रात दिसतं. त्यात पृथ्वीगोलावर उभा राहून जहांगीर भाल्यावर रोवलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो. प्रत्यक्षात खडकी वसवणारा निजामशाहीचा हा वजीर मुघलांच्या हाती कधीच लागला नाही. रणात जमलं नाही ते कागदावर उरकलं.

बिचित्रचं काम जास्त खोल आहे. कागदाचे थर चिकटवायचे, खारीच्या केसांच्या कुंचल्याने रेघ ओढायची, अकीक दगडाने घोटायचं, ही मेहनत सगळेच चित्रकार करत. बिचित्रने त्यात स्वतःलाही बसवलं. त्याच्या हातात एक इवलंसं चित्र आहे: दोन घोडे, एक हत्ती आणि वाकून मुजरा करणारा पिवळ्या जाम्यातला माणूस. म्हणजे एकाच कागदावर तो दोनदा आलाय. सही त्याने केलीय ती बादशहा सिंहासनावर चढताना पाय ठेवील त्या चौरंगावर. ही नम्रता खरीच आहे. पण ज्या कारागिराला राजांच्या रांगेत जागा घेता येते, त्याला आपली किंमतही पक्की ठाऊक असणार.

हजार वर्षं मागणारा जहांगीर 1627 मध्ये वारला. राज्य 22 वर्षं चाललं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही मुघल लघुचित्रं आहेत. तिथे गेलात तर बादशहाच्या चेहऱ्यावरून नजर खाली आणा आणि कडेकोपऱ्यात चित्रकाराला शोधा.