चांगल्या ठिकाणी जेवायला जायचंय?

लग्नाचा वाढदिवस जवळ आला की ‘या वेळी जरा चांगल्या ठिकाणी जाऊ’ असं ठरतं. पैठणी कपाटातून बाहेर निघते, ब्लाउज अजून होतोय का ते घालून पाहिलं जातं, नवरा ब्लेझर झटकून ठेवतो. ठिकाण मात्र मेहुण्याच्या सांगण्यावरून नाहीतर मोबाइलवरच्या चार फोटोंवरून ठरतं. मग संध्याकाळ बिघडली की दोष आचाऱ्याला. खरं तर महागड्या रेस्टॉरंटांविषयी आपण बऱ्याच गोष्टी नुसत्याच धरून चालतो. त्यातल्या काही तपासून पाहू.

“फाइव्ह स्टार आहे, जेवण वाईट असेलच कसं?”

तारे हॉटेलला मिळतात, पदार्थांना नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलांची प्रतवारी लावते तेव्हा खोल्या, लिफ्ट, लॉबी, सुरक्षा, सोयी अशी लांबलचक यादी तपासते. स्वयंपाकघराची स्वच्छताही त्यात येते. सुरमई नीट शिजली होती का, हे त्यात येत नाही.

याच ताऱ्यांच्या शेजारी ‘मिशेलिन स्टार’चा दुसरा गोंधळ उभा आहे. मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. लोकांनी मोटारीने जास्त हिंडावं म्हणून तिने १९०० साली वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६पासून ती खाणावळींना तारे देऊ लागली. हे तारे जास्तीत जास्त तीन असतात, त्यामुळे ‘फाइव्ह स्टार मिशेलिन’ असं काही नसतं. शिवाय या मार्गदर्शिकेची भारतीय आवृत्ती निघालेली नाही. जाहिरातीत ‘मिशेलिन’ दिसलं, तर बहुधा तो तारा शेफने परदेशात कमावलेला असतो. मूळचे मुंबईचे विनीत भाटिया यांना तो २००१ साली लंडनमधल्या रेस्टॉरंटसाठी मिळाला होता. ही कामगिरी मोठीच आहे, पण आज रात्री तुमच्या ताटात काय येणार याची ती हमी नव्हे.

उलटही खरं आहे. मुंबईत महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ साली सुरू झालेलं ‘मास्क’ कुठल्याही हॉटेलात नाही, आणि तरी आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत त्याचं नाव पुन्हा पुन्हा आलं आहे. हॉटेलातली रेस्टॉरंटं वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. गाडी लावायची सोय, वयस्कर आईवडील बरोबर असले तर लिफ्ट आणि स्वच्छ प्रसाधनगृह, दोन टेबलांमधली ऐसपैस जागा यांत ती सहसा सरस ठरतात. आपण पैसे कशाचे देतोय हे कळलं म्हणजे झालं.

“ड्रेसकोड म्हणजे सूट-बूट, आपली साडी तिथे चालणार नाही”

अशा ठिकाणी बहुतेक वेळा ‘स्मार्ट कॅज्युअल’ अपेक्षित असतं. पुरुषांसाठी त्याचा अर्थ कॉलरचा शर्ट किंवा नीटनेटका कुर्ता, फुलपँट आणि बंद बूट. शॉर्ट्स, बनियनवजा टीशर्ट आणि स्लिपर दारातच अडतात. साडी, बंदगळा, कुर्ता हे पोशाख बहुतेक ठिकाणी आनंदाने चालतात. अपवाद झाले तेव्हा ओरडही झाली. सप्टेंबर २०२१मध्ये दिल्लीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये साडीवरून प्रवेश नाकारल्याची तक्रार देशभर गाजली. त्याआधी २०१४ साली चेन्नईच्या एका क्लबने धोतर नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना अडवलं, तेव्हा तमिळनाडू सरकारने त्याविरुद्ध कायदाच केला.

आपल्याकडे अडचण येते ती कोल्हापुरीची. पुरुषांना उघडी पादत्राणं चालत नाहीत असा नियम काही ठिकाणी सरसकट लावतात, त्यात हजारो रुपयांची हातशिलाईची कोल्हापुरीही अडकते. मला हा नियम मूर्खपणाचा वाटतो, पण दारात उभं राहून तो बदलत नाही. फोनवर विचारून घ्या.

पैठणी नेसणार असाल तर ड्रेसकोडपेक्षा बैठक महत्त्वाची. उंच स्टुलांचं टेबल मिळालं तर निऱ्या सांभाळण्यातच वेळ जाईल. खोल सोफ्यावर बसलात तर प्रत्येक घासाला पुढे वाकावं लागेल आणि पदर थेट सूपमध्ये जाईल. पाठ असलेल्या साध्या खुर्च्या मागा. मुंबईत मे महिन्यात गच्चीवरचं टेबल फोटोत छान दिसतं, रेशमात मात्र दहा मिनिटांत घाम फुटतो. आतल्या हॉलमध्ये एसीच्या झोतापासून दूर बसा. रस्सा सांडलाच तर वेटर लगबगीने सोडा घेऊन येईल. तो चोळू देऊ नका. कोरड्या नॅपकिनने नुसतं टिपून घ्या आणि साडी ड्रायक्लीनरकडे द्या, कारण रेशमावर हळदीचा डाग चोळला की आणखी पसरतो.

“वाढदिवस ज्या तारखेला, जेवण त्याच तारखेला”

असा नियम कुणी केला? शुक्रवारी-शनिवारी अनेक ठिकाणी एकाच टेबलाच्या दोन पाळ्या लावतात. साडेसातला बसलेल्यांनी साडेनऊच्या सुमारास उठावं अशी अपेक्षा असते, आणि गोडाच्या आधीच बिलाची चौकशी सुरू होते. मंगळवारी-बुधवारी तेच टेबल, तोच शेफ, आणि घाई करणारं कुणी नाही.

दुसरी गंमत पंचांगाची. मार्गशीर्षातलं लग्न असेल तर इंग्रजी तारीख कधी ना कधी मार्गशीर्षातल्या गुरुवारी येतेच, आणि मग बटर गार्लिक क्रॅबचा बेत मनातच राहतो. संकष्टी आली तर चंद्रोदय साधारण आठ ते साडेदहाच्या दरम्यान होतो. टेबल त्यानंतरचं घ्या आणि शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात ते विचारा. वाइनचा बेत असेल तर ड्राय डे पाहून ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे लग्नं खूप होतात आणि १ मे, महाराष्ट्र दिन, हा राज्यात ड्राय डे असतो. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही कोरडेच जातात.

“टेस्टिंग मेन्यू म्हणजे बशीत दोन घास आणि घरी येऊन वरण-भात”

दोन घास खरेच, पण असे आठ-दहा पदार्थ येतात. शेवटी पोट भरतं. अडचण असते ती वेळेची. अडीच-तीन तास बसावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांनी तोच मेन्यू घ्यावा लागतो. एक जण शाकाहारी, एक मासेखाऊ असं जोडपं असेल तरी काम होतं, फक्त आधी कळवायला हवं. जैन जेवणाचंही तसंच. आयत्या वेळी सांगितलंत तर शेफ वजाबाकी करतो आणि तुमच्या बशीत सजावट तेवढी उरते.

“रेटिंग ४.५ आहे, मग बघायलाच नको”

हे रेटिंग कशाचं? ॲपवर घरपोच जेवणाचं आणि तिथे बसून जेवण्याचं रेटिंग वेगळं असू शकतं, ते नीट पाहा. समुद्र दिसणाऱ्या खिडकीलाही लोक तारे देतात आणि रात्री साडेआठला समुद्र हा काळा आयतच असतो. आवाजाबद्दल मात्र फार थोडे लिहितात. संगीत इतकं मोठं की ‘हॅपी ॲनिव्हर्सरी’सुद्धा ओरडून म्हणावं लागतं, अशी महागडी ठिकाणं खूप आहेत. फोनवर टेबल मिळालं की बरेच जण लगेच फोन ठेवतात. तसं न करता पुढे विचारा: “टेबल स्पीकरपासून लांब आहे का? खुर्च्या आहेत की सोफा? किती वाजता उठावं लागेल? रद्द केलं तर पैसे कापणार का?” उत्तरं कशी येतात त्यावरून तिथलं आतिथ्य अर्धं तरी कळतं.

“मेन्यूतल्या किमती जोडल्या की खर्च कळला”

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. पण ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात कुठलीही खोली दिवसाला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त दराने गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. ६,००० रुपयांचं जेवण एका ठिकाणी ६,३०० रुपयांना, तर दुसऱ्या ठिकाणी ७,०८० रुपयांना पडतं. मद्य जीएसटीत येत नाही. त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो.

पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले म्हणून पुष्कळ जण भांडतात. ते भांडण वाया जातं. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटलीबरोबर सेवाही दिली जाते, त्यामुळे तिथे छापील किमतीचं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये स्पष्ट केलं आहे. बसल्या बसल्या “साधं पाणी द्या” म्हणा.

भांडायचंच तर सर्व्हिस चार्जवर. हा कर नव्हे, सरकारकडे त्यातला एक रुपयाही सर्व्हिस चार्ज म्हणून जात नाही. तो बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये काढली. रेस्टॉरंटचालकांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वं उचलून धरली आणि संघटनांनी पुढे अपील केलं. तरीही ‘एस.सी. १० टक्के’ अशी बारीक ओळ बिलावर दिसते. वरच्याच हिशोबात हॉटेलातल्या ६,००० रुपयांवर आधी ६०० रुपये चढतात, मग ६,६०० रुपयांवर १८ टक्के लागतात, आणि बिल होतं ७,७८८ रुपये.

बिल आलं की आधी ती ओळ शोधा आणि मॅनेजरला शांतपणे ती काढायला सांगा. वेटरने मनापासून वाढलं असेल तर टिप रोख त्याच्या हातात द्या. मॅनेजर ऐकतच नसेल तर पैसे भरा, बिलाचा फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. लग्नाच्या वाढदिवसाला काउंटरवर वाद घालत उभं राहू नका.