हलणारं माणिक

सकाळी साडेनऊ. जुलैची मुंबई बाहेर ठिबकतेय. कपाट उघडण्याआधी आर्द्रतामापक बघते : ४८ टक्के. पोलादाला याहून कोरडी हवा मानवते, पण म्यानाचं लाकूड त्या कोरडेपणात तडकतं. म्हणून खंजीर आणि त्याचं म्यान आम्ही वेगवेगळं ठेवतो.

दहा. नायट्राइलचे हातमोजे चढवते. सुती मोज्याचा धागा कोंदणाच्या कडेत अडकला, तर खडाच उचकटायचा. खंजीर दोन्ही हातांवर घेऊन फोमवर निजवते. मूठ फिकट हिरव्या जेडची. मुघल कारागिरांकडे हा दगड खोतानहून येई.

साडेदहा ते दीड, सूक्ष्मदर्शकापाशी. दिवसातला माझा सगळ्यात लाडका वेळ हा. मुठीवरच्या जडावाची रीत अशी : जेडमध्ये खड्डा कोरायचा, त्यात लाख, तिच्यावर चमकदार वर्ख, मग माणिक आणि भोवती कुंदन. कुंदन म्हणजे इतकं शुद्ध सोनं, की ते नुसत्या दाबाने स्वतःलाच चिकटतं. डाख लागत नाही, आच लागत नाही. दगडात असं जडवणं याशिवाय कसं जमलं असतं? भिंगाखाली सोन्यावर ते दाबणाऱ्या सळईचे बारीक दाब दिसतात. प्रेक्षक विचारतात, खंजीर कुणाचा? हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातले काही खंजीर जहांगीर-नूरजहानच्या नावाने ओळखले जातात. आमच्याला नाव नाही. मला मात्र हे दाब पुरेसे बोलके वाटतात.

मुठीवरच्या फुलाच्या तिसऱ्या पाकळीतलं माणिक हलतंय. खालची लाख भुगा झालीय.

दोन वाजता डबा.

अडीच. अतिनील दिव्याखाली बाकीची माणकं लाल उजळली. देठाजवळचं एक काळंच राहिलं. बहुधा काच, नंतरच्या कुणाची तरी दुरुस्ती. ती काढायची नाही, फक्त नोंदवायची.

तीन. छायाचित्रकार येतो. “ताई, लाइट जवळ घेऊ?” “नको रे, लाख मऊ पडेल.”

चार. पात्यावरचा जुना तेलाचा थर स्पिरिटच्या बोळ्याने पुसते. मुठीपासून चार बोटं अलीकडे थांबते, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि पातं मुठीत बसलंय तेही लाखेवरच.

साडेपाच. सैल माणकाखाली पॅरालॉइड या चिकटवणाऱ्या राळेचा एक थेंब, सुईच्या टोकावरून. पुढेमागे कुणाला तो काढावासा वाटला, तर ॲसिटोनने सुटेल. कोंदणाला हात लावलेला नाही.

सहा. नोंदवहीत लिहिते : तिसरी पाकळी, उद्या दहाला पुन्हा तपासणे.