मुलं ज्युदो का सोडतात? गैरसमज आणि वस्तुस्थिती

जूनमध्ये नवा कोरा ज्युदोचा ड्रेस घालून हौसेनं क्लासला निघालेली मुलं दिवाळीनंतर एकेक करून दिसेनाशी होतात. घरी विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात: त्याला कंटाळा आला, तिला जमेना, अभ्यास वाढला. प्रत्येक उत्तरात दोष मुलाच्या पदरात पडतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानो पेशानं शिक्षक होते, पुढे मुख्याध्यापकही झाले. १८८२ मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिराच्या आवारात त्यांनी आपला वर्ग सुरू केला, तो विद्यार्थ्यांच्या शरीराची आणि स्वभावाची घडण व्हावी म्हणून. शिकवायचं तर विद्यार्थी आधी वर्गात टिकायला हवा. तो का टिकत नाही, याबद्दल पालकांत आणि प्रशिक्षकांतही काही समज घट्ट रुजले आहेत. ते एकेक तपासून पाहू.

गैरसमज १ : मॅट मऊ असते, पडलं तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती : मॅट हाडांना वाचवते, डोक्याला वाचवेलच असं नाही. म्हणून ज्युदोत सगळ्यात आधी पडायला शिकवतात. त्याला उकेमी म्हणतात. मूल आधी पाठीवर झोपतं, हनुवटी छातीला लावतं, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवतं आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून मॅटवर आपटतं. मग हेच बसून, उकिडवं होऊन आणि शेवटी उभं राहून. गाठीवर नजर असली की डोकं आपोआप उचललेलं राहतं.

हा पाठ घाईनं उरकला तर काय होतं, याचा कटू अनुभव जपाननं घेतला आहे. तिथल्या शाळांमध्ये १९८३ ते २०११ या काळात ज्युदोमुळे शंभराहून अधिक मुलांचे जीव गेले. त्यांत नवशिक्यांचं प्रमाण मोठं होतं आणि मुख्य कारण होतं डोक्याची दुखापत. मागच्या बाजूला पाडणाऱ्या ओसोतो-गारीसारख्या डावात डोक्याला जोराचा झटका बसून मेंदूलगतच्या रक्तवाहिन्या फाटू शकतात. हे आकडे उजेडात आल्यावर तिथे सुरक्षेचे निर्देश कडक करण्यात आले.

नीट पडता येणाऱ्या मुलाची भीती जाते. ज्याला ते येत नाही, त्याला दर वेळी धडकी भरते. पण 'मला भीती वाटते' असं मूल क्वचितच सांगतं. ते सांगतं, 'आज पोटात दुखतंय.' क्लास निवडताना पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: उभ्यानं फेकण्याआधी मुलांना पडायला किती दिवस शिकवता?

गैरसमज २ : पदक मिळालं की गोडी टिकते

वस्तुस्थिती : ज्या देशात ज्युदो जन्मला, त्यानंच हा समज मोडीत काढला. २०२२ च्या मार्च महिन्यात जपानच्या ज्युदो महासंघानं प्राथमिक शाळेतल्या मुलांची इयत्तावार राष्ट्रीय स्पर्धा बंद केली. तेव्हा महासंघाचे अध्यक्ष होते यासुहिरो यामाशिता, १९८४ चे ऑलिंपिक विजेते. जिंकण्याचं मोल त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरीही हा निर्णय झाला, कारण दहा-बारा वर्षांच्या मुलांना वजन घटवायला लावलं जात होतं आणि पालक व प्रशिक्षक पंचांवर ओरडत होते.

मुलांना स्वतःला काय हवं असतं? अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांकडून खेळात मजा कशामुळे येते याची ८१ कारणं गोळा केली आणि त्यांचा क्रम लावला. जीव तोडून प्रयत्न करणं, संघातलं खेळीमेळीचं वातावरण आणि प्रशिक्षकाची चांगली वागणूक वरच्या क्रमांकांवर होती. जिंकणं ४८ व्या क्रमांकावर होतं.

लहान वयातलं यश पुढच्या यशाची हमीही देत नाही. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातल्या ज्युदोपटूंच्या १९९९ ते २००८ या दहा वर्षांतल्या निकालांचा अभ्यास झाला. मोठ्या वयोगटापर्यंत आपली पातळी राखू शकले ते मुलांमध्ये सुमारे ७ टक्के आणि मुलींमध्ये ५ टक्के. म्हणून दहाव्या वर्षी हरलेल्या मुलावर 'याच्यात दम नाही' असा शिक्का मारण्याला काहीच आधार नाही.

गैरसमज ३ : पटापट बेल्ट दिले की मूल रमतं

वस्तुस्थिती : रंगीत पट्टे युरोपात रुजले. पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाईशी यांचा त्यात मोठा वाटा होता. काळ्या पट्ट्याची वाट लांबची, म्हणून मधले टप्पे डोळ्यांना दिसावेत हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच आहे. घोटाळा होतो तो पट्टा आमिष बनतो तेव्हा. १९७३ मध्ये अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना 'चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधीच सांगितलं. पुढच्या काही दिवसांत मोकळ्या वेळेत याच मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही.

तेव्हा पट्टा ही शिकल्याची पावती राहू द्या. 'सहा महिन्यांत यलो बेल्ट' अशी जाहिरात करू नका. 'शाब्बास' म्हणतानाही नेमकं काय जमलं ते सांगा: 'आज पडताना मान छान सांभाळलीस.' आपल्याला काय येऊ लागलं हे ज्याला कळतं, ते मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं.

गैरसमज ४ : कंटाळा आला म्हणजे मुलात चिकाटी नाही

वस्तुस्थिती : आधी क्लासमधला एक तास उघड्या डोळ्यांनी पाहा. तीस मुलं, जागा अपुरी, एकच रांग. आपली पाळी येईपर्यंत मूल उभंच असतं. मग उचिकोमी, म्हणजे न फेकता डावात शिरण्याचा सराव, तोही तोच तो. त्यावर सगळ्यांत दांडग्या मुलाशी जोडी लागली, तर तासभर नुसतं फेकलं जायचं. इतकं झाल्यावर कंटाळा येणं स्वाभाविक आहे.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर पोसली जाते: स्वतः काही ठरवता येणं, काहीतरी जमत असल्याचा अनुभव आणि आपल्या माणसांची सोबत. मॅटवर हे सहज साधतं. मुलांचे छोटे गट करा. दोन डावांतला कुठला करायचा हे त्यांना ठरवू द्या. गुडघ्यांवर बसून एकमेकांच्या कमरेला खोचलेला रुमाल पळवायचा खेळ घ्या, पकड आणि तोल दोन्ही शिकून होतात. वजन पाहून जोड्या लावा आणि मोठ्या मुलांना लहानांच्या हातून पडू द्या. कानोंनी सांगितलेलं परस्परांच्या भल्याचं तत्त्व मुलांना असंच कळतं. घरात कुणी तालमीत घुमलेलं असेल, तर त्यांना क्लासवर बोलवा. कुस्तीतली धोबीपछाड आणि ज्युदोतला पाठीवरून फेकण्याचा सेओई-नागे हा डाव यांचं नातं आजोबांच्या तोंडून ऐकलेलं मूल दोन्ही विसरणार नाही.

गैरसमज ५ : मोठ्या झाल्या की मुलींचा रस आपोआप कमी होतो

वस्तुस्थिती : भारतीय ज्युदोची अलीकडची मोठी कामगिरी मुलींचीच आहे. मणिपूरच्या लिंथोई चनंबमनं २०२२ मध्ये सारायेवोत कॅडेट गटाचं जागतिक सुवर्णपदक जिंकलं. कुठल्याही वयोगटातलं भारताचं ते पहिलंच जागतिक पदक. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुशीला देवी आणि तुलिका मान यांनी रौप्यपदकं मिळवली.

मुली क्लास सोडतात त्यामागे बहुतेकदा साध्या अडचणी असतात. कपडे बदलायला बंद होणारी खोली नसते, बरोबरीच्या वजनाची जोडीदार नसते, पाळीच्या दिवसांत पांढऱ्या ड्रेसची धास्ती असते आणि बोलायला मॅडम नसतात. यातली प्रत्येक अडचण सोडवता येते, फक्त कुणीतरी विचारायला हवं.

गैरसमज ६ : दहावीचं वर्ष आलं, आता खेळ पुरे

वस्तुस्थिती : आठवड्याचे पाच दिवस किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय नसतात. परीक्षेच्या वर्षात एखादा दिवस मॅटवर आलं तरी शरीर आणि मैत्री दोन्ही टिकतात. शिवाय ज्युदोत स्पर्धेपलीकडेही वाटा आहेत. जोडीनं ठरावीक डाव सादर करण्याचा काता आहे, पंचगिरी आहे, लहानांना शिकवणं आहे. निरोप घेणाऱ्या मुलाला 'परीक्षा झाली की ये, तुझी जागा आहे' हे सरांनी स्वतः सांगायला हवं.

पालकांनो, क्लास पाहायला जाल तेव्हा भिंतीवरच्या चषकांआधी हजेरीपट मागा. दोन वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती मुलं आजही येतात ते मोजा. आणि प्रशिक्षकांनो, जे मूल सलग दोन आठवडे आलेलं नाही, त्याच्या घरी आज फोन करा.