सायकलस्वाराचे हात आणि हिवाळ्याची पहाट



छत्रपती संभाजीनगरांत थंडी पडते असें म्हटलें म्हणजे उत्तरेकडील मनुष्य हसतो. डिसेंबर-जानेवारींत येथें दुपारचें ऊन अंगाला चांगलेंच लागतें, आणि पहाटेचा पारा बहुधा १० ते १४ अंशांच्या आसपास रेंगाळतो. थंडीची लाट आली तरच तो त्याखालीं जातो. एवढ्याशा थंडीला हातमोजे कशाला, असा प्रश्न मग घरोघरीं विचारला जातो. परंतु हाच प्रश्न पहाटे दौलताबादच्या रस्त्यानें सायकल मारून आलेल्या मुलाला विचारा. उत्तर देण्यापूर्वीं तो आपलीं बोटें काखेंत घालील!

या बोटांची गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाहीं. सायकलीचा वेग आवरण्याचें सारें सामर्थ्य त्यांच्यांत आहे. तीं बधिर झालीं म्हणजे ब्रेक असूनही नसल्यासारखा होतो. म्हणून हातमोजा हा चैनीचा विषय नसून सुरक्षिततेचा विषय आहे. आणि तो स्वस्तांत कसा साधावा, याचाच आज आपण विचार करूं.

हवेचें तापमान आणि अंगाला जाणवणारी थंडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या कातडीभोंवतीं अंगाच्या उष्णतेनें तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. तेंच आपलें पहिलें पांघरूण. वारा हें पांघरूण ओढून नेतो, आणि नवा थर तापविण्यासाठीं शरीराला पुन्हां उष्णता खर्चावी लागते. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकन संशोधकांनीं अंटार्क्टिकावर पाण्यानें भरलेलें नळकांडें वाऱ्यांत टांगून तें किती वेळांत गोठतें याचें मोजमाप केलें. त्यांचें काम १९४५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच विचाराची सुधारलेली रीत कॅनडा व अमेरिका येथील हवामानखात्यांनीं २००१ सालीं स्वीकारली. त्या रीतीनें पाहतां, हवा १० अंशांची असून वारा ताशीं २५ किलोमीटरचा असेल तर उघड्या चेहऱ्याला सुमारें ७ अंशांची थंडी जाणवते. वारा ४० किलोमीटरचा झाला तर सुमारें ६ अंशांची. झाडाचें पानही हलत नसलें, तरी सायकलस्वार स्वतःपुरता हा वारा उत्पन्न करीतच असतो. जितकी गति तितका वारा. पायीं फिरावयास गेलेल्या वडिलांना जी हवा आल्हाददायक वाटते तीच सायकलवरील मुलाला बोचते, याचें कारण हें.

आतां हाच वारा हातांना अधिक कां छळतो तें पाहूं. बोटें बारीक असतात. त्यांच्या आकारमानाच्या मानानें कातडी फार, म्हणून तीं लवकर निवतात. त्यांना हालविणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागांत असतात, तेव्हां बोटांना स्वतःची अशी ऊब फार थोडी. पाय सारखे फिरत असल्यामुळें तापतात. हात मात्र हॅंडलवर निश्चल आणि सर्वांच्या पुढें, वाऱ्याच्या तोंडीं असतात. शिवाय शरीराला गारठा जाणवला, कीं तें हृदय, फुप्फुसें यांची ऊब राखण्यासाठीं हातापायांच्या टोंकांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करतें. बोटांच्या कातडीचें तापमान साधारण १५ अंशांखालीं गेलें म्हणजे त्यांचें कौशल्य स्पष्टपणें कमी होऊं लागतें.

याचा परिणाम घाटांत दिसतो. आपल्याकडील सायकलस्वारांचा आवडता मार्ग म्हणजे शहरांतून दौलताबाद, तेथून घाट चढून खुलताबाद, आणि पुढें वेरूळ. हौशी मंडळी म्हैसमाळपर्यंतही जातात. घाट चढतांना अंग तापतें, घाम येतो, आणि हातमोज्यांचा विसर पडतो. परततांना उतार लागला कीं पाय थांबतात, वेग वाढतो, आणि घामानें ओलीं झालेलीं बोटें वाऱ्यांत सांपडतात. ताशीं ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. बधिर बोटांनीं ब्रेक दाबावयास अर्धा सेकंद जरी उशीर लावला, तरी सायकल ५ मीटर पुढें गेलेली असते. वळणावर समोरून ट्रक येत असतां या ५ मीटरांची किंमत काय, हें सांगावयास नको.

मग हातमोजे कसे निवडावे? जाड तो उबदार, हा सर्वसाधारण समज. तो अर्धाच खरा आहे. ऊब कापडांत नसून कापडानें कोंडून धरलेल्या स्थिर हवेंत असते. हातानें विणलेला लोकरी मोजा घरांत बसल्या जागीं उत्तम. परंतु त्याच्या विणींतून वारा आरपार जातो, आणि सायकलवर त्याचा उपयोग निम्मा उरतो. तेव्हां आपल्या शहराच्या थंडींत पहिली गरज जाडीची नसून वारा अडविण्याची आहे. दुकानांत याची परीक्षा अगदीं सोपी आहे. मोजा तोंडाशीं धरून जोरानें फुंकर घाला, आणि पलीकडे हात धरून पाहा. फुंकर जाणवली तर वाराही आंत येणार हें निश्चित समजावें.

दुसरी गोष्ट मापाची. तंग मोजा ऊब देत नाहीं, उलट घालवितो. कारण तो आंतील हवेचा थरही दाबतो आणि रक्ताचा प्रवाहही. मूठ वळतांना बोटांच्या टोंकांशीं ताण पडूं नये. फार सैल मोजाही नको. ब्रेक आणि गियर यांच्यामध्यें त्याच्या चुण्या अडकतात. मोजा घालून टेबलावरील एक रुपयाचें नाणें उचलतां आलें, तर बोटें पुरेशीं मोकळीं आहेत असें मानण्यास हरकत नाहीं. तिसरी गोष्ट मनगटाची. तेथें रक्तवाहिन्या कातडीच्या अगदीं जवळ असतात. मोजा आणि बाही यांच्यामध्यें दोन बोटांची फट राहिली, तर हाताकडे जाणारें रक्त वाटेंतच निवतें. म्हणून लांब काठाचा मोजा घ्यावा.

आतां खर्चाकडे वळूं. खास सायकलीसाठीं बनविलेल्या हिवाळी मोज्यांना पुष्कळदां हजाराच्या वर रुपये पडतात, आणि त्यांतील बरेचसे बर्फाळ देशांसाठीं योजलेले असतात. आपल्याकडे नऊ वाजतां ऊन चढलें कीं त्यांत हात उकडून निघतात. मोटारसायकलचे मोजे वारा चांगला अडवितात, परंतु ते ताठर असतात. त्यापेक्षां दोन थरांची युक्ति अधिक सोयीची व स्वस्त. आंत पातळ विणलेला मोजा आणि त्यावर वारा न शिरणाऱ्या नायलॉनसारख्या कापडाचा, बिनअस्तराचा, एक माप मोठा मोजा. हिवाळ्यांत तिबेटी विक्रेते गांवोगांवीं लोकरी कपड्यांचीं दुकानें मांडतात. त्यांच्याकडे व आपल्या गुलमंडी-शहागंजच्या बाजारांत आंतला मोजा थोडक्या पैशांत मिळतो. या मालापैकीं पुष्कळसा खऱ्या लोकरीचा नसून अ‍ॅक्रिलिकचा असतो, हें ध्यानांत असावें. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटांत घेऊनही अंगाला ओली लागत नाहीं. आपल्या धनगराची घोंगडी पावसांतही कां ऊब देते, याचें एक कारण हेंच. तथापि आपल्या कोरड्या थंडींत, वर वारा अडविणारा थर असल्यास, अ‍ॅक्रिलिकवरही काम भागतें. सुती मोजा मात्र आंत घालूं नये. तो घाम धरून ठेवतो, आणि पाणी स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेतें.

दोन थरांचा आणखी एक लाभ आहे. चढावर वरचा मोजा काढून खिशांत ठेवावा, म्हणजे हात घामानें भिजत नाहीं. उतार सुरू होण्यापूर्वीं तो पुन्हां चढवावा. बोटें गार पडल्यावर मोजा घालण्यापेक्षां गार पडण्यापूर्वीं घालणें केव्हांही हिताचें. त्याचप्रमाणें छाती आणि कान झांकावे. धड उबदार असेल तरच शरीर बोटांकडे रक्त मोकळेपणानें पाठवितें. टूर द फ्रान्सच्या शर्यतींत डोंगरमाथ्यावर पोंचलेले स्वार उतारापूर्वीं सदऱ्याच्या आंत छातीवर वर्तमानपत्र खोंचीत, तें याच कारणानें. रद्दीच्या कागदाइतका स्वस्त वारारोधक दुसरा नाहीं!

येथें एक सावधगिरीची सूचना. हाताची प्रत्येक बधिरता थंडीची नसते. करंगळी आणि तिच्या शेजारचें बोट, एवढींच जर मुंग्या येऊन बधिर होत असतील, तर तळहाताच्या त्या बाजूच्या मज्जातंतूवर हॅंडलाचा दाब पडत असण्याचा संभव आहे. तेथें ऊब उपयोगी नाहीं. हात ठेवण्याची जागा वरचेवर बदलावी, आणि सीट व हॅंडल यांची उंची जाणकाराकडून तपासून घ्यावी. तसेंच थोड्याशा गारठ्यानेंही बोटें पांढरीफटक पडून मग निळसर व लाल होत असतील, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्यानें १८६२ सालीं या विकाराचें वर्णन केलें. तो मोज्यांनीं सुसह्य होतो, परंतु त्याचें कारण शोधणें डॉक्टरांचें काम आहे.

येथपर्यंत बहुतेक विवेचन हौशी सायकलस्वारांचें झालें. परंतु आपण अंथरुणांत असतां दारांत वर्तमानपत्र टाकून जाणारा मुलगा आणि वाळूज-चिकलठाण्याच्या पहिल्या पाळीला निघालेला सायकलवरील कामगार, यांनाही तोच वारा लागतो आणि त्यांनाही तोच ब्रेक दाबावा लागतो. त्यांच्या सायकली जुन्या, ब्रेक कडक, आणि बोटांना लागणारा जोर अधिक. आपल्या मुलासाठीं बाजारांतून मोजे आणतांना त्यांच्यापैकीं एकासाठीं आणखी एक जोड आणला, तर खर्चांत फारशी भर पडत नाहीं. मात्र देण्यापूर्वीं फुंकर घालून पाहावयास विसरूं नये.